दोघींची एक नोंद

एक्कावन्नाव्या वर्षी लग्न करायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांत जास्त आश्चर्य ताईंना स्वतःलाच वाटलं. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. सत्तावीस वर्षं त्या मागच्या अंधाऱ्या खोलीत लोकांना खुर्चीवर बसवून "आता खालची ओळ वाचा" म्हणत आल्या होत्या, आणि यात काही कमी आहे असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. मग त्या भागात नवे पोस्टमन आले. हे गृहस्थ विधुर होते, बोलायला गोड, आणि एका वर्षात सहा वेळा स्वतःच्या चष्म्यावर बसले. पहिल्या तीन वेळा चुकून. पुढच्या तीन वेळांबद्दल त्यांनी नंतर कबुली दिली.

शनिवारी अकराची वेळ ठरली होती. वेळ आठवड्यापूर्वीच घेऊन झाली होती, आता फक्त अर्जावर सह्या करायच्या म्हणून मंगळवारी दोघं नोंदणी कचेरीत गेले. खिडकी क्रमांक चारला एक तरुण कारकून बसला होता. त्याने पोस्टमनचं ओळखपत्र यंत्रावर टेकवलं. हिरवा दिवा लागला. मग ताईंचं टेकवलं. दिवा लागला नाही. कारकून पडद्याकडे बघत राहिला, मग ताईंकडे, मग परत पडद्याकडे.

"बाई," तो हळूच म्हणाला, "तुमचं लग्न झालेलं आहे."

"शनिवारी व्हायचंय."

"नाही, झालेलं आहे. बावीस वर्षांपूर्वी. नदीपलीकडे."

पोस्टमननी घसा साफ केला. "मुलंबाळं?"

"तीन. दोन मुली, एक मुलगा. धाकटा यंदा शाळेच्या शेवटच्या वर्गात आहे."

"वा!" पोस्टमन म्हणाले. "म्हणजे शी-शू काढायचा त्रास वाचला."

ताईंनी त्यांच्याकडे डोळे वटारून बघितलं, पण आतून कुठून तरी हसू वर यायला लागलं होतं. ओठ घट्ट मिटूनही ते नाकातून बाहेर पडलं.

"अजून काय काय आहे माझ्या नावावर?"

"उंची पाच फूट दहा इंच," कारकून वाचत गेला. ताईंची हनुवटी जेमतेम खिडकीच्या फळीला लागत होती. कारकुनाने वाकून खाली बघितलं आणि पुढची ओळ घेतली. "अपेंडिक्सचं ऑपरेशन. आणि... जड क्रेन चालवण्याचा परवाना. बंदर विभाग."

आता मात्र ताईंचा धीर सुटला. "अहो, मी स्टुलावर चढून वरच्या फळीवरची फ्रेम काढली तरी मला गरगरतं!" एवढं म्हणून त्या अशा हसायला लागल्या, की मागच्या रांगेतली माणसंही कारण कळायच्या आधीच हसू लागली. एका म्हातारबुवांनी तर त्यांना पाणी आणून दिलं.

कारकून बिचारा सरळ होता. त्याने सगळं समजावून सांगितलं. गेल्या महिन्यात अलीकडच्या आणि पलीकडच्या सरकारांनी करार केला होता. दोन्हीकडच्या कचेऱ्यांनी आपापल्या नागरिकांच्या नोंदी एकमेकांना खुल्या करायच्या. जन्म, लग्न, परवाने, दवाखाने, सगळं एका ठिकाणी. कितीतरी लोक राहायला इकडे आणि कामाला तिकडे. त्यांना तीच ती कागदपत्रं दोनदा काढावी लागू नयेत, हा त्यामागचा चांगला हेतू. आता दोन्हीकडे नोंद असलेला माणूस ओळखायचा कसा? तर नाव, जन्मतारीख आणि आईचं नाव जुळलं, की माणूस एकच असं धरायचं आणि दोन नोंदींची एक करायची.

"आणि बोटांचे ठसे?" पोस्टमननी विचारलं.

"ठसे पुढच्या टप्प्यात."

"माझं नाव, माझी तारीख आणि माझ्या आईचं नाव," ताई म्हणाल्या, "तिन्ही दुसऱ्या कुणाचं असेल?"

"आहे ना. म्हणजे, आहात ना."

"मग वेगळं करा की!"

"मी आत्ता करतो हो. पण संध्याकाळी सहाला पलीकडची नोंद येते आणि माझी दुरुस्ती पुसून टाकते. त्यांनी केली, तर आमची नोंद जाऊन त्यांची पुसते. दोन्हीकडून एकाच वेळी करावी लागते. पुलावर संयुक्त कचेरी उघडलीय. दोघींनी तिथे समोरासमोर हजर राहायचं."

"ठीक आहे. तिचा फोन नंबर द्या."

कारकुनाने मान हलवली. "दुसऱ्या व्यक्तीची माहिती देता येत नाही. फार कडक नियम आहे."

इतका वेळ हसून हसून ताईंचं डोकं जरा हलकंच झालेलं होतं. त्यांनी टाचा उंचावून दोन्ही कोपरं फळीवर टेकवली. "ती दुसरी व्यक्ती आहे, असं तुमच्या नोंदीत आहे का?"

"नाही. नोंदीप्रमाणे त्या तुम्हीच."

"मग मला माझी माहिती द्या."

कारकुनाने नियमांची वही काढून दोन पानं चाळली. नागरिकाला स्वतःची माहिती मागण्याचा पूर्ण हक्क होता, आणि ती दिली नाही तर कारकुनावरच कारवाई. त्याने छापायचं बटण दाबलं, आणि कागद हातात देताना पहिल्यांदाच खुदकन हसला.

कचेरीच्या आवारातल्या बाकावर बसून ताईंनी नंबर फिरवला. पोस्टमन कान लावून शेजारी.

"कोण?" पलीकडून आवाज आला. वाऱ्यात बोलायची सवय असलेला, चांगला खणखणीत आवाज.

"मी बोलतेय. म्हणजे, नोंदीप्रमाणे तुम्हीच बोलताय."

मग त्या आवाजाने ताईंच्या कानाचे पडदे हलवले. "तूच काय ती! शनिवारी पोस्टमनशी लग्न करणारी!"

"तुम्हाला कसं कळलं?"

"कसं कळलं? मला अभिनंदनाचं पत्र आलंय सरकारचं! नवऱ्याने उघडलं ते. कालपासून बोलत नाहीये माझ्याशी. म्हणतो, बावीस वर्षांनी दुसरा बघितलास तो बघितलास, आणि तोही पोस्टमन?"

"पोस्टमनमध्ये काय वाईट आहे?" पोस्टमननी फोनमध्ये तोंड घालून विचारलं.

"हे कोण? तेच का? अहो, तुमच्यात काही वाईट नाही. पण बंदरावरच्या डॉक्टरने मला क्रेनवरून उतरवलंय! म्हणतो, तुझा नंबर उणे साडेसहा. मला समोरच्या जहाजावरच्या खलाशाच्या शर्टाची बटणं मोजता येतात!"

"उणे साडेसहा माझा," ताई अपराध्यासारख्या म्हणाल्या.

"मग घेऊन जा ना बाई तो!"

आणि तिथेच ती पलीकडची बाई हसायला लागली. तिचं हसणंही तिच्या आवाजासारखंच, थांबायचं नाव नाही. इकडे ताईंना पुन्हा उसळी आली. दोघी पाच मिनिटं नुसत्या हसत होत्या. शेवटी पोस्टमननीच फोन घेऊन गुरुवारी दुपारी तीनची वेळ ठरवली.

गुरुवारी पुलावर चांगलं ऊन होतं. संयुक्त कचेरी म्हणजे पुलाच्या मधोमध बांधलेली एक काचेची लांबलचक खोली. दोन्ही बाजूंना एकेक फिरतं दार. ओळखपत्र टेकवायचं, दिवा हिरवा झाला की आत. पोस्टमन पटकन आत गेले. ताईंनी ओळखपत्र टेकवलं आणि दिवा लाल झाला.

दाराशी शिट्टी गळ्यात अडकवलेली पहारेकरीण उभी होती. तिने छोट्या पडद्यावर बघितलं. "तुम्ही आत आहात."

"मी बाहेर आहे. तुमच्यासमोर उभी आहे."

"यात तुम्ही आत आहात. दोन वाजून पन्नास मिनिटांनी पलीकडच्या दाराने आलात."

काचेपलीकडे एक धिप्पाड, उंच बाई दोन्ही हात वर करून नाचवत होती. निळा डगला, पायात जाड बूट. ताईंनीही हात हलवला. स्वतःच्या नावाच्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा बघत होत्या त्या.

पहारेकरणीने तोडगा काढला. आतल्या बाईने बाहेर जावं, मग ताईंनी आत यावं. क्रेनवाली बाहेर गेली, ताई आत आल्या. आता क्रेनवालीला दार उघडेना, कारण ती आत होती. ताई बाहेर गेल्या, ती आत आली. असं दोनदा झालं. तिसऱ्या वेळी दोघी आपापल्या दाराच्या बाहेर उभ्या, आणि मधली कचेरी मोकळी. आतले पोस्टमन एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवून वळवून घामाघूम झाले.

"दोघींनी एकदम टेकवा!" क्रेनवाली पलीकडून ओरडली. "यंत्राला विचार करायला वेळच द्यायचा नाही!"

पहिल्यांदा ताई घाईत आधी टेकवून बसल्या. पहारेकरणीने त्यांना बाहेर काढून परत उभं केलं. दुसऱ्यांदा हसण्याने ताईंच्या हातून ओळखपत्रच खाली पडलं. एव्हाना पहारेकरणीलाही चेव आला होता. "थांबा," ती म्हणाली, "मी शिट्टी वाजवते." तिने छाती भरून श्वास घेतला. पुलावरून जाणारी माणसं थांबली. शिट्टी वाजली, दोन्ही दिवे एकाच क्षणी हिरवे झाले, दोन्ही दारं फिरली आणि दोघी खोलीच्या मध्यावर येऊन एकमेकींवर आदळल्या. ताईंचं नाक तिच्या डगल्याच्या दुसऱ्या बटणावर आपटलं. बाहेर लोकांनी टाळ्या पिटल्या.

"एवढीशी आहेस होय!" क्रेनवाली म्हणाली. "मला वाटलं माझ्याएवढी असशील."

टेबलामागे दोन माणसं बसली होती. अलीकडून खिडकी चारचा कारकून, आणि पलीकडून एक वयस्कर अधिकारी बाई. बाकावर क्रेनवालीचा नवरा बसला होता, हाताची घडी घालून, पोस्टमनकडे रोखून बघत. त्याच्या शेजारी पिशवी मांडीवर घेतलेली एक म्हातारी.

"प्रश्न पहिला," अधिकारी बाई म्हणाल्या. "तुम्ही व्यक्ती एक की दोन?"

"दोन!" दोघी एका सुरात म्हणाल्या.

अधिकारी बाईंनी संशयाने चष्म्यावरून बघितलं. "एकेकीने बोला."

मग ठसे घेतले, ते वेगळे निघाले. यंत्र तयार झालं. आता एकेक ओळ वाचायची, ती कुणाची ते दोघींनी सांगायचं आणि दोन्हीकडच्यांनी एकदम कळ दाबायची. वाटणीच चालली होती जणू, फक्त कुणालाच दुसरीचं काही नको होतं.

"अपत्यं तीन?"

"माझी," क्रेनवाली म्हणाली. "पण थोरली हवी असेल तर बोल. फार उलट बोलते."

"चष्मा, उणे साडेसहा?"

"माझा."

"अपेंडिक्स?"

"माझं. म्हणजे माझं गेलंय. तिचं आहे."

"नियोजित विवाह, वर पोस्टमन?"

"तिचा! तिचा!" हे बाकावरून नवऱ्याने ओरडून सांगितलं. ते नोंदीत धरता येणार नाही, असं अधिकारी बाईंनी त्याला बजावलं, तरी कळ दाबली गेल्यावर तो उठला, सरळ पोस्टमनपाशी गेला आणि त्यांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवायला लागला. मग दोघं खिडकीशी उभे राहून बायकांच्या आवाजाबद्दल काहीतरी बोलू लागले.

"आई," खिडकी चारच्या कारकुनाने वाचलं. "हयात."

मंगळवारी छापलेल्या कागदावर ताईंनी ही ओळ वाचली होती आणि पोस्टमननाही सांगितलं नव्हतं. त्यांची आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. तीन दिवस सरकारच्या लेखी ती जिवंत होती. दुकानात काम करता करता त्या दोनदा ड्रॉवर उघडून तो शब्द बघून आल्या होत्या. खुळेपणा आहे हे कळत होतं, पण बघून बरं वाटत होतं.

"कुणाची?" कारकुनाने विचारलं.

"तिची," ताई म्हणाल्या. मान वर न करता.

क्रेनवालीने खाली वाकून त्यांच्या तोंडाकडे बघितलं. तेवढ्यात बाकावरची म्हातारी उठली. पिशवी सावरत टेबलापाशी आली आणि तिने ताईंच्या दंडाला धरलं.

"ती मी," म्हातारी म्हणाली. "हयात. मुद्दाम बघायला आलेय, माझी मुलगी व्हायला निघालेली ती कोण. तुझ्या आईचंही नाव माझंच का गं?"

"हो."

"शहाणी होती का?"

"फार."

"असणारच," म्हातारी म्हणाली. "दाब रे पोरा ते बटण, उगाच हिला ताटकळत ठेवू नकोस. आणि तू शनिवारची मला बोलवायला विसरू नकोस. मला सरकारचं पत्र लागत नाही."

ताईंना एका डोळ्याने रडू आणि दुसऱ्याने हसू आलं. चष्मा धुक्याने भरला. कळा दाबल्या गेल्या, टक् आणि टक्.

शेवटी दोघींनी सह्या केल्या. सही मात्र अगदीच वेगळी होती. ताईंची मुंगीएवढी, आणि क्रेनवालीची चौकटीबाहेर जाऊन टेबलावर उतरलेली.

"झालं," अधिकारी बाई म्हणाल्या. "दोन्हीकडच्या नोंदी संध्याकाळी सहाला वेगळ्या होतील."

क्रेनवालीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. साडेचार. तिने ताईंकडे बघितलं आणि तिचे डोळे लकाकले.

"म्हणजे सहापर्यंत हिच्याकडे क्रेनचा परवाना आहे?"

कारकुनाने आणि अधिकारी बाईंनी एकमेकांकडे बघितलं. "तांत्रिकदृष्ट्या..." खिडकी चारने सुरुवात केली. पुढचं ऐकायला कुणी थांबलंच नाही.

बंदर पुलापासून दहा मिनिटांवर होतं. पाच जणं जवळजवळ धावतच निघाली. म्हातारी सगळ्यांत पुढे. शिकाऊ लोकांसाठी आवाराच्या टोकाला एक जुनी क्रेन ठेवलेली होती. ना खाली जहाज, ना कुणाचा माल, नुसता एक रिकामा लोखंडी डबा. फाटकावर ताईंनी ओळखपत्र टेकवलं. यंत्राने "स्वागत" म्हटलं. फाटकावरचा माणूस त्या पाच फुटी, फुलाफुलांच्या झग्यातल्या बाईकडे बघतच राहिला, पण पडद्यावर वीस वर्षांचा अनुभव दिसत होता. त्याने मुकाट्याने हेल्मेट दिलं. ते ताईंच्या भुवयांवर उतरलं.

"अहो, नक्की जाताय?" पोस्टमन खालून म्हणाले. चेहरा पार उतरला होता त्यांचा.

"परवाना आहे माझ्याकडे!" ताई म्हणाल्या.

शिडीला एकशे बारा पायऱ्या होत्या. क्रेनवाली मागून एकेक पायरी मोजत, हाताचा आधार देत येत होती. साठाव्या पायरीला ताईंनी खाली बघितलं आणि शिडीला मिठी मारली. "खाली बघू नकोस, माझ्याशी बोल," ती म्हणाली. मग ताई वरपर्यंत बोलतच राहिल्या. दुकान, गिऱ्हाइकं, सहा वेळा मोडलेला चष्मा, सगळं सांगून टाकलं. वरच्या काचेच्या खोक्यात एकच खुर्ची होती. क्रेनवालीने त्यांना तिच्यात बसवलं, पट्टा आवळला, आणि स्वतः मागे उभी राहून त्यांचा हात दांड्यावर ठेवून वर आपला मोठा तळवा ठेवला.

"हळू. लोण्यात बोट घालतेस असं समज."

खाली रिकामा डबा थरथरला. साखळ्या ताणल्या. मग तो जमिनीवरून सुटला. दोन फूट असेल फार तर. ताईंना वाटलं, आपण अख्खी इमारत उचलली. त्यांनी अशी किंकाळी फोडली, की खाली पोस्टमन मटकन जमिनीवरच बसले. मग कळलं, किंकाळी आनंदाची होती. गरगरत तर होतंच, पण त्या गरगरण्यात एवढी मजा असते हे एक्कावन्न वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. "अजून एकदा!" त्या ओरडल्या. असं त्यांनी डबा चारदा उचलला आणि चारदा ठेवला. खाली उतरल्या तेव्हा सहाला दोन मिनिटं होती. जाताना फाटकावर ओळखपत्र टेकवलं, तर यंत्र थोडा वेळ घुटमळलं आणि म्हणालं, "अनोळखी व्यक्ती. कृपया बाहेर पडा." ताई हसत हसत बाहेर पडल्या.

शनिवारी अकराला खिडकी चारच्या मागच्या खोलीत लग्न लागलं. पलीकडून सहा माणसं आली. क्रेनवाली, तिचा नवरा, म्हातारी आणि तिन्ही मुलं. मुलं तोपर्यंत ताईंना मावशी म्हणायला लागली होती, आणि थोरली खरोखरच फार उलट बोलत होती. कारकुनाने ताईंचं ओळखपत्र टेकवलं. सगळ्यांनी श्वास रोखले. हिरवा दिवा लागला, आणि खोलीत असा आरडाओरडा झाला, की शेजारच्या खिडक्यांवरची माणसं डोकावून गेली.

साक्षीदाराच्या रकान्यात क्रेनवालीने चौकटीबाहेर जाणारी सही ठोकली. पुढच्या रकान्यात वधूशी नातं विचारलं होतं. तिने "बहीण" लिहायला घेतलं.

"नको!" कारकून खुर्चीतून उठलाच. "बाई, नाव तेच, जन्मतारीख तीच, आईचं नाव तेच, आणि वर बहीण? हे पलीकडे गेलं, तर सोमवारी तुम्ही परत एक व्हाल!"

"मैत्रीण लिही, मैत्रीण!" सगळे एकदम ओरडले. नवऱ्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

तिने कुरकुरत "मैत्रीण" लिहिलं, आणि पेन पोस्टमनच्या हातात दिलं. ते घाईघाईने भलत्याच रकान्यात सही करायला निघाले, तेव्हा ताईंनी त्यांचा हात आपल्या हाताने धरला. "हळू," त्या त्यांच्या कानाशी म्हणाल्या, आणि दोघांनी मिळून सही केली.